मजल्याला ऐकू येणारी प्रार्थना

माईंची प्रार्थना अख्ख्या मजल्याला ऐकू यायची. ठाऊक नव्हतं ते फक्त माईंना. त्यांची समजूत अशी, की आपण खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि देवाशी हळूच, जवळजवळ मनातल्या मनात बोलतो. प्रत्यक्षात त्यांच्या तोंडून ‘देवा’ निघालं की समोरच्या घरातला शिंपी मशीनवरचा पाय उचलायचा, शेजारच्या निवृत्त मास्तरांचा रेडिओ बारीक व्हायचा आणि स्वयंपाकघरात सून भांडी घासता घासता नळ बंद करायची. संध्याकाळचा चहा झाला की हे रोजचंच.

याला कारण कापडाच्या मागांचा कारखाना. माई उमेदीची सगळी वर्षं मागांवर होत्या. तिथला आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. ओळीनं माग धडधडत असतात, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत असतात, आणि शेजारी उभं असलेलं माणूस गळा फाडून ओरडलं तरी त्याचं नुसतं तोंड हललेलं दिसतं. म्हणून तिथल्या बायका ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. कोणाची सासू काय म्हणाली, कोणाच्या नवऱ्यानं काय प्रताप केले, सगळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बिनआवाजाचं पोचायचं. मुकादमाला ताकास तूर लागू देत नसत.

माईंना त्या गोंगाटाचा आणखी एक फायदा सापडला होता. घरी तेव्हा एकच खोली, त्यात सासू, सासरे, दीर, नवरा. देवाशी दोन शब्द एकटीनं बोलायचे म्हटलं तर जागा कुठली? कारखान्यात मात्र भर गर्दीत एकान्त. मान खाली, तोंड मागाकडे, म्हणजे ओठ दिसायचीही भीती नाही. तुटलेला धागा जोडता जोडता माई खुशाल मोठ्यांदा देवाशी बोलायच्या, रडायच्या, प्रसंगी भांडायच्यासुद्धा, आणि हातभर अंतरावरच्या बाईला पत्ता नसायचा.

नोकरी सुटली तेव्हा मागांनी माईंचे कान ठेवून घेतले. कमी ऐकू येतं हे त्यांनी कधी कबूल केलं नाही, कारण समोरच्याचे ओठ दिसले की त्यांचं काही अडत नसे. “माझे कान ठणठणीत आहेत,” त्या म्हणायच्या. “लोकच हल्ली तोंड फिरवून बोलतात.” कानात मागांची घरघर तेवढी कायमची राहिली होती. त्या घरघरीखाली आपला आवाज झाकला जातो असं त्या जुन्या सवयीनं धरून चालल्या होत्या. ती घरघर जगात दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

आता कोणी म्हणेल, एवढी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही. त्याचं उत्तर माईंच्या प्रार्थनेतच होतं. तिच्यात सगळा मजला असायचा. मास्तरांच्या गुडघ्यापासून शिंप्याच्या धाकटीच्या परीक्षेपर्यंत माई एकेकाचं नाव घेऊन मागत आणि ज्याचं नाव आलं त्याला त्या रात्री जरा बरी झोप लागे. आपल्यासाठी कोणी तरी, आपल्याला दाखवायला नव्हे, खरंच काही तरी मागतंय, हे ऐकायला मिळणं फार थोड्या माणसांच्या नशिबी असतं. ते आपल्या हातानं कोण बंद करील? तेव्हा सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

शिवाय माईंचा एक हट्ट होता. मनात कोणाबद्दल कडू असेल तर त्या देवापुढे बसायच्या नाहीत. बसल्यावर आठवलं तर अर्ध्यावरून उठायच्या. “थांब देवा,” म्हणायच्या, “त्या शिंप्याला मी सकाळी फार टाकून बोलले. चूक त्याचीच होती, पण ती त्याची तो बघेल. मी आधी माझं निस्तरून येते.” आणि खुर्चीचा आवाज करत उठायच्या. इकडे शिंप्यानं हे सगळं ऐकलेलं. माई चपला शोधेपर्यंत तो दार उघडून उभा. “माई, सकाळचं मनावर घेऊ नका, माझंच चुकलं.” माई थक्क. परत येऊन खुर्चीत बसत आणि पहिल्यापासून सुरुवात करत: “देवा, काय सोन्यासारखा माणूस दिलास शेजारी. मी तोंड उघडायच्या आत माफी मागतो.” स्वयंपाकघरात सुनेला तोंडात बोळा कोंबावासा वाटे, इतकं हसू यायचं.

पण हसण्यासारखं नेहमीच नसायचं.

माईंचा नवरा त्याच कारखान्यात माग दुरुस्त करायचा. मुलगा शाळेत असतानाच तो छातीच्या दुखण्यानं गेला. माईंनी एकटीनं मुलाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न केलं. संसारातली भांडी अजून नवी होती, तेवढ्यात साधा ताप म्हणता म्हणता मुलगाही गेला. त्या दिवशी माणसांनी घर भरलं होतं. तो आता सुखात आहे, असं एक म्हणे. काळच औषध आहे, असं दुसरा म्हणे. सून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. संध्याकाळी माणसं पांगली आणि बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुनेनं भिंतीकडचं तोंड वळवलं. आजसुद्धा?

“देवा,” माई म्हणाल्या, “तू चांगला आहेस. आज मला तसं दिसत नाही. वाटतही नाही. पण कालपर्यंत म्हणत होते आणि तू काही एका रात्रीत बदलला नसशील. आज एवढंच म्हणवतं. जास्त म्हणवत नाही.”

सुनेला त्या क्षणी सासूचा असा राग आला, की उठून ती खुर्ची खिडकीबाहेर फेकावी. पोटचा मुलगा गेला आणि ही बाई देवाला चांगला म्हणते. कितीतरी दिवस तो राग टिकला. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की त्या दिवशी घरात जे जे बोललं गेलं त्यात तेवढंच एक काय ते खरं होतं. बाकी सगळे तिची समजूत काढत होते. माई कोणाचीच समजूत काढत नव्हत्या, स्वतःचीसुद्धा नाही. त्या पुढल्या संध्याकाळीही बसल्या आणि त्याच्याही पुढल्या. कधी ‘तू चांगला आहेस’ म्हणायला इतका वेळ लागे, की चहाचा कप तसाच गार होई. पण म्हटल्याशिवाय उठत नसत आणि ओढूनताणून गोडही बोलत नसत. तोंडदेखलं बोलायला देव काय पाहुणा आहे, असं त्यांचं मत.

त्याच दिवसांत सुनेनं एकदा ठरवलं होतं, की माईंना सांगून टाकायचं, आवाज बाहेर जातो म्हणून. तयारी करून ती दारापर्यंत आलीही. तेवढ्यात माई म्हणाल्या, “देवा, ही पोर माहेरी जायची ती माझ्यासाठी थांबली. माझ्या हातून तिचं काही होणं नाही. तिच्याशी तू माझ्यापेक्षा बरा वाग.” सून आल्या पावली परत गेली आणि तो विषय तिथंच मिटला.

सून दातांच्या दवाखान्यात कामाला होती. येणाऱ्यांचे नंबर लावायचे, हत्यारं उकळायची, घाबरलेल्यांना धीर द्यायचा. एक दिवस पेशंटची खुर्ची वर गेली ती खाली येईना. वर एक जाडजूड गृहस्थ, तोंडात कापूस, आणि डॉक्टर स्टुलावर उभे राहून त्यांची दाढ बघताहेत. खुर्च्यांच्या कंपनीला फोन गेला आणि कारागीर आला. वयानं तिच्याहून थोडा मोठा, बोलायला कमी, हसायला बरा. त्यानं गृहस्थांना आधी खाली आणलं आणि मग त्यांची माफी मागितली, जणू खुर्ची त्यानंच बिघडवली होती. पुढल्या आठवड्यात तो ‘सहज तपासायला’ आला. त्याच्या पुढल्या आठवड्यात पुन्हा. “ही खुर्ची पूर्वी इतकी बिघडत नव्हती,” डॉक्टर म्हणाले आणि शहाण्या माणसासारखे आत निघून गेले.

असं वर्ष गेलं. मग कंपनीनं त्याची बदली केली, लांबच्या शहरात, कायमची. जायच्या आधी त्यानं सरळ विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. सुनेला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं ते तिचं तिलाच त्या दिवशी कळलं. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी, खिडकीजवळच्या खुर्चीपाशी.

तिनं माईंसमोर बसून सगळं सांगितलं. माईंनी तिच्या ओठांवरची नजर शेवटपर्यंत काढली नाही. मग म्हणाल्या, “पुन्हा सांग.” तिनं पुन्हा सांगितलं. माईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“विचारतेस काय? हो म्हणून टाक. आजच.”

“तुम्ही पण चला ना, आई. त्यांनीच सांगितलंय तसं.”

“नव्या संसारात जुनी सासू? मला काय हौस आलीय? इथं माझी माणसं आहेत, माझा जिना आहे. त्या जिन्यावरच्या प्रत्येक पायरीशी मी भांडलेय. मी कुठंही यायची नाही.” आणि हसल्या. इतक्या छान हसल्या, की सुनेचा जीव भांड्यात पडला.

तो संध्याकाळपर्यंतच.

“देवा, तू चांगला आहेस,” माईंनी सुरुवात केली. “हे लग्न मोडू दे.”

समोरचं मशीन थांबलेलंच होतं; आता शिंप्यानं श्वासही थांबवला असावा.

“त्या माणसाचं वाईट करू नको. त्याला दुसरी चांगली मिळू दे. पण हिला नेऊ नको. नवरा दिला तुला, मुलगा दिला, मी हूं का चूं केलं नाही. हिला देत नाही. तोंडावर तिला जा म्हणाले आणि तुझ्याकडे अडवायला आलेय. लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं कसं बोलू? मनात आहे ते हे आहे. घे, बघ.”

सुनेच्या हातातली बशी घसरून पाण्यात पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. मधेच माई स्वतःला झापायच्या, “म्हातारे, शंभर वेळा सांगितलं, हे मागू नको,” आणि घटकाभरानं फिरून तेच मागायच्या. मजल्यावर कुजबुज सुरू झाली. मास्तर म्हणाले, म्हातारीचं बरोबर आहे. मास्तरांची बायको म्हणाली, बरोबर कसलं, पोरीनं जन्मभर इथंच झिजायचं का. शिंपी बिचारा सुनेची नजर चुकवून जाऊ लागला.

सून विचार करकरून थकली. समोर माई नेहमीसारख्या गोड. तयारी कुठवर आली म्हणून विचारायच्या, नवी चादर काढून ठेवायच्या. पण खरं काय ते तिनं ऐकलं होतं. ज्या बाईनं मुलगा गेला त्या दिवशीही देवाला चांगलं म्हटलं, ती बाई आता हात जोडून एकच गोष्ट मागत होती, आणि ती देणं सुनेच्या हातात होतं. एका सकाळी तिनं काळजावर दगड ठेवला आणि कारागिराला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “मी जाईपर्यंत हे ‘नाही’ कच्चंच धरतो.”

माईंना तिनं सांगितलं, “मी त्यांना नाही म्हटलं. माझंच मन होईना.”

माईंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. सुनेनं तो पाहिला आणि वाटलं, बरं केलं. पण दुसऱ्याच क्षणी तो चेहरा असा उतरला, की तिला काहीच कळेना. दुपारी माई जेवल्यादेखील नाहीत.

संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या. सगळा मजला कान देऊन होता. आज तर मागितलेलं मिळालं होतं. आज आभार मानले जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

“देवा,” माई म्हणाल्या. आणि थांबल्या. चहा गार झाला. खिडकीबाहेर अंधारून आलं तरी त्या गप्पच.

“म्हणवत नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “माझा मुलगा नेलास त्या दिवशीसुद्धा मी तुला चांगला म्हटलं होतं. आज मला हवं ते दिलंस आणि जीभ उचलत नाही. असं कसं दिलंस? एका म्हाताऱ्या बाईनं एकटेपणाला भिऊन काहीतरी मागितलं, तर लगेच देऊन टाकायचं? त्या पोरीचा सुखाचा घास काढून? तिचं मन होईना म्हणते. तिचं मन तू फिरवलंस, माझ्यासाठी. मग मी आजवर ज्याला चांगला म्हणत आले तो कोण होता? परत घे, देवा. मी मागितलंच नाही असं समज. मला नको हे.”

आणि त्या रडायला लागल्या. मुलगा गेला तेव्हा सुनेनं त्यांना रडताना पाहिलं होतं. हे रडणं वेगळं होतं. तेव्हा माणूस गेलं होतं, पण देव जागेवर होता. आता तोच हातचा चालला होता, आणि तोही एका चुकीच्या समजुतीपायी.

सुनेनं हात पुसले. ती बाहेर आली आणि माईंच्या समोर जमिनीवर बसली, दिव्याच्या उजेडात, म्हणजे तोंड नीट दिसेल. माईंच्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं त्यांना डोळे उघडायला लावले.

“आई, देवानं नाही ऐकलं. मी ऐकलं.”

माईंची नजर तिच्या ओठांवर आली.

“तुम्ही मोठ्यानं बोलता. पहिल्यापासून. मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. लग्न मोडू दे म्हणालात तेही ऐकलं. म्हणून मी नाही म्हटलं. माझं मन देवानं नाही फिरवलं. ते फिरलेलंच नाही.”

“मोठ्यानं म्हणजे किती मोठ्यानं?”

“शिंप्याच्या घरापर्यंत.”

माईंनी तोंडावर हात ठेवला. “तरीच तो दार उघडून उभा असायचा.” मग हात आणखी वर गेला, डोळ्यांवर. “आणि मास्तर?”

“मास्तर रेडिओ बारीक करतात.”

“अगं बाई. त्यांच्या बायकोच्या घोरण्याबद्दल बोलले होते मी देवाशी.”

“हो. म्हणून तर त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं. आता घोरत नाही ती.”

माई बराच वेळ हातांमागे लपून बसल्या. एवढ्या वर्षांचं सगळं आतलं, धुतलेलं आणि न धुतलेलं, चारचौघांत वाळत घातलेलं होतं, हे समजल्यावर कोणाचीही हीच गत होईल. सुनेला वाटलं, आपण फार वाईट केलं. या आता पुन्हा कधी या खुर्चीत बसायच्या नाहीत. मग माईंनी हात खाली घेतले. डोळे लाल होते, पण काहीतरी सुटल्यासारखा चेहरा झाला होता.

“थांब. म्हणजे मी मागितलं आणि देवानं दिलं नाही?”

“नाही दिलं.”

“ते तू दिलंस. येडपटासारखं.”

“हो.”

“त्यानं माझं ऐकलंच नाही.”

“नाही ऐकलं, आई.”

माईंनी खुर्चीतल्या खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. “देवा,” त्या म्हणाल्या, ऐकू जातं हे आता माहीत असूनही आवाज तितकाच मोठा, “तू ऐकलं नाहीस. किती रे चांगला आहेस.” आणि त्या रडता रडता हसायला लागल्या, हसता हसता सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला. “आणि तू, उद्या सकाळी पहिलं काम, त्या माणसाला फोन.”

भिंतीपलीकडे मास्तरांच्या बायकोनं नाक शिंकरलं. ते माईंना ऐकू आलं नाही.

त्यानंतर सून जाईपर्यंत माई रोज बसल्या, पण जरा अवघडून. आपलं बोलणं ऐकलं जातंय हे कळल्यावर देवाशी बोलायचं आणि लोकांना ऐकवायचं यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही, आणि माईंना त्याचीच धास्ती. एकदा दोनदा त्या अर्ध्यावर थांबून म्हणाल्या, “देवा, हे शेवटचं वाक्य तुझ्यासाठी नव्हतं, मास्तरांसाठी होतं. ते सोडून दे.” आवाज कमी करून पाहिला, तर मनातलं मनातच अडकायचं. मग नाद सोडला.

निघायची वेळ संध्याकाळची होती. लग्न साधेपणानं होऊन गेलं होतं. शिंप्यानं सुनेला आपल्या हातानं शिवलेला कोट दिला, मास्तरांनी तिला उपदेश दिला. कारागीर सामान घेऊन खाली गाडीपाशी गेला. माईंनी दारातच तिला पोटाशी धरलं, काही न बोलता, मग तिला वळवून जिन्याकडे ढकललं आणि दार लावून घेतलं. निरोप लांबवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

सून चार-दोन पायऱ्या उतरली आणि तिचा पाय निघेना. ती कठड्याला धरून उभी राहिली. आत खुर्ची सरकली. आता माई काय म्हणतात, ते ऐकल्याशिवाय तिला जाववणार नव्हतं. आज त्यांना ‘तू चांगला आहेस’ म्हणता येईल का? रिकाम्या घरात, पहिल्याच संध्याकाळी? नाही आलं, तर खालची गाडी गेली तरी बेहत्तर, ती वर जाणार होती.

“देवा,” आतून आवाज आला.

“देवा, ती जिन्यातच उभी असणार. मी चांगली ओळखते तिला. मी काय म्हणते ते ऐकून मग ठरवणार, जायचं की नाही. तिला सांग, खाली गाडी खोळंबलीय. तिला सांग, मी काय म्हणणार ते तिला माहीत आहे. आज फार जड जाणार आहे ते. कदाचित रडेन मधे. म्हणून ते मला तुझ्याशी एकटीनं बोलायचंय. ती खाली उतरल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही.”

सुनेनं डोळे पुसले, कठडा सोडला आणि माईंना सुरुवात करता यावी म्हणून भराभर खाली उतरून गेली.